बालरॉगांची घटती संख्या

टॉल्किनच्या कल्पित जगातले बालरॉग म्हणजे अग्नी आणि काळोख यांनी वेढलेले प्राचीन राक्षस. पहिल्या युगाच्या अखेरच्या महायुद्धात त्यांचा संहार झाला आणि जे थोडे वाचले ते पळून पृथ्वीच्या मुळाशी दडले, असे १९७७ साली लेखकाच्या पश्चात प्रसिद्ध झालेले ‘द सिल्मरिलियन’ सांगते. माझ्या मते त्यांचे भवितव्य रणांगणापेक्षा टॉल्किनच्या मसुद्यांत अधिक ठरले.

१९१६-१७च्या सुमारास लिहिलेल्या गोंडोलिन नगराच्या पतनकथेत बालरॉगांची फौजच आहे. टुओर हा मर्त्य वीर कुऱ्हाडीने पाच बालरॉग मारतो आणि जिवंत राहतो. नंतरच्या एका मसुद्यात तर लढाईला हजार बालरॉग येतात. पुढे मात्र टॉल्किनने समासात नोंद केली, की ते तीन, फार तर सातच असावेत.

हा नुसता आकडेमोडीचा बदल नव्हे. उत्तरकालीन लेखनात बालरॉगांचे कूळही पक्के झाले. ते मूळचे मायार, म्हणजे सृष्टीच्या आधीचे आत्मे; मेल्कोरच्या वैभवाला भुलून त्याच्यामागे गेलेले. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधला गॅन्डाल्फही त्याच कुळातला. मोरियात या दोघांची गाठ पडते आणि पर्वतशिखरावर दोघांचाही अंत होतो. गॅन्डाल्फला परत पाठवले जाते, बालरॉगाला नाही. एक्थेलियन आणि ग्लोरफिंडेल जुन्या कथेतही बालरॉगाला मारताना मरतात. १९७७च्या ग्रंथात त्यांचे मरण टिकले, टुओरचे पाच बळी गळाले. जिवाला जीव हाच हिशेब उरला.

मोरियाचा बालरॉग सुमारे ५,४०० वर्षे दडून होता. मिथ्रिलच्या लोभाने बुटक्यांनी फार खोल खणले म्हणून तो जागा झाला, असे सोपे तात्पर्य नेहमी काढले जाते. पण सॉरॉनच्या दुष्टाव्याने तो आधीच जागा झालेला असेल, ही शक्यता परिशिष्टातल्या टिपेत खुद्द टॉल्किननेच ठेवली आहे.

राक्षस हजारांनी असतात तोवर त्यांना मारणे हा पराक्रम असतो. ते मोजके आणि तारणहाराच्याच कुळातले ठरले, की प्रत्येक वधात एका बिघडलेल्या चांगल्याचा शेवट दिसू लागतो. सॉरॉनचा निकाल टॉल्किनने लावला. पळालेल्या इतरांचा लावला नाही. त्या गुहा त्याने तशाच सोडल्या.