सरदार सरोवर : वन्यजीव-अधिवासाच्या मूल्यमापनातील हद्दीचा प्रश्न

नंदुरबार जिल्ह्यातील नर्मदाकाठच्या वन्यजीवनावर सरदार सरोवराचा झालेला परिणाम सामान्यतः बुडालेल्या क्षेत्रावरून मोजला जातो. हे मोजमाप अपुरे आहे. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने जून १९८७ मध्ये प्रकल्पाला सशर्त मंजुरी दिली, तेव्हा वनस्पती व प्राणिजीवनाचा अभ्यास पूर्ण झालेला नव्हता. तो बांधकामासोबत व्हावयाचा होता. मोर्स समितीने १९९२ च्या अहवालात या उणिवेवर बोट ठेवले.

त्याहून गंभीर त्रुटी हद्दीची आहे. अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील (त्या वेळी धुळे जिल्हा, नंदुरबार १९९८ मध्ये वेगळा झाला) ३३ गावे बाधित झाली. विस्थापितांपैकी अनेकांच्या पुनर्वसनासाठी तळोद्याचे २,७०० हेक्टर वनक्षेत्र १९९० मध्ये व आणखी १,५०० हेक्टर १९९४ मध्ये निर्वनीकृत करण्यात आले. हे जंगल पाण्यापासून दूर असल्याने बुडिताच्या हिशेबात येत नाही. प्राण्यांच्या दृष्टीने मात्र दोन्हीकडे अधिवासच गेला. विस्थापित आदिवासींना जमीन मिळणे न्याय्यच होते. दोष त्यांचा नव्हे, तर पुनर्वसन प्रकल्पाचा भाग मानूनही त्यासाठी तुटलेले जंगल प्रकल्पाच्या परिणामांत न धरणाऱ्या मोजणीचा आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये जलाशय १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीस पोहोचला. तळोद्याचे ते ४,२०० हेक्टर त्या पातळीच्या नकाशाबाहेरच राहतात.