मंगलत्थदीपनी आणि आपले पालि अध्ययन

जळगावहून पहूरमार्गे अजिंठ्याकडे जाणारी वाट आपल्या जामनेर तालुक्यातून जाते. थाई उपासकांकडून आपण विहारांसाठी बुद्धमूर्ती आदराने स्वीकारतो. त्यांच्या ग्रंथांची मात्र चौकशी करीत नाही. ‘मंगलत्थदीपनी’ हा असाच एक दुर्लक्षित ग्रंथ होय.

चियांग माईच्या सिरिमंगल थेरांनी इ. स. १५२४ मध्ये रचलेली ही पालि टीका महामंगलसुत्तावरील आहे. आपल्या मंगल परिणयात म्हटल्या जाणाऱ्या सुत्तावरील. पाहिलेल्या, ऐकलेल्या व स्पर्शिलेल्या वस्तूंत शकुन शोधणाऱ्यांचा वाद अट्ठकथेत येतो. भगवंतांनी त्याजागी ३८ मंगले सांगितली, आणि ती सारी आचरणाची आहेत. सिरिमंगल थेर प्रत्येक मंगलाभोवती तिपिटक व अट्ठकथांतील उतारे आणि कथा रचत जातात. त्यात स्वतंत्र चिंतन थोडे, संग्रह फार. कथांच्या गर्दीत सुत्ताची धार कित्येकदा बोथट होते, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु मातापित्यांची सेवा वा शिल्पज्ञान यांनाच मंगल मानणारी नीती ते सोडीत नाहीत.

थायलंडच्या नऊ श्रेणींच्या पालि परीक्षांत हा ग्रंथ नेमलेला असून त्याचे थाईत भाषांतर करावे लागते. अर्थात त्याच्या अध्यापनाची परंपरा थाई भाषेत आहे. केवळ इंग्रजीच्या आधारे पालि शिकणाऱ्या आपल्या पदवीधराला तिच्यात प्रवेश नाही. हेच सुत्त पठण करणारा तो समाज ताईतही बाळगतो. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या आपल्याला ही विसंगती खटकते, खटकावीच; पण ती तेथील भिक्खू कशी समजावतात, हे दुभाष्याकडून किती काळ ऐकायचे?