पुणेरी विनोदाची परंपरा व तिचा पुरावा

‘पुणें तेथें काय उणें’ ही म्हण पुणेकर फार दिवस अभिमानानें उच्चारीत आला आहे. त्या अभिमानाला पुढें विनोदाची जोड मिळाली. पुणेकर बोलण्यांत तिरकस, लिहिण्यांत नेमका, अपमान करतांनाहि व्याकरण न सोडणारा. आणि हा गुण त्याला पेशवाईपासून वारशानें आलेला, असें बहुधा गृहीत धरलें जातें. घरांच्या दारांवरील व दुकानांतील पाट्या ही त्याची साक्ष. या साक्षीची परीक्षा इतर कागदांप्रमाणेंच व्हावी, एवढाच या टिपणाचा हेतु आहे.

एखादें मोडी पत्र हातीं आलें म्हणजे आपण त्याची मिती पाहतों, अक्षर व शिक्का पाहतों, तें कोणाच्या दप्तरांतून निघालें याची चौकशी करतों. पाट्यांच्या बाबतींत यांपैकीं कांहींच सहसा होत नाहीं. एकच पाटी एक गृहस्थ सदाशिव पेठेंत पाहिल्याचें सांगतो, दुसरा नारायण पेठेंत. तिसऱ्यानें ती दुसऱ्याकडून ऐकलेली असते. ती कोणत्या सालची, कोणीं लिहविली, कोणत्या भांडणांतून निघाली, याची नोंद नाहीं. अशा कागदाच्या बळावर कोणी इनामाचा दावा मांडला असता, तर आपण तो हंसून परत केला असता.

पाटी पेशवाईपर्यंत मागें नेण्यास आम्हांस आधार दिसत नाहीं. दारावरून जाणाऱ्या अनोळखी माणसास लेखी तंबी द्यावयाची तर त्या माणसास वाचतां आलें पाहिजे. आणि तसा वाचक-समाज शाळा व छापखाने आल्यानंतरचा आहे. आमचें अनुमान असें कीं, पाटीच्या भरभराटीचें कारण बुद्धीच्या तैलत्वापेक्षां भाड्यांत अधिक सांपडेल. १९४७ च्या भाडे-नियंत्रण कायद्यानें भाडीं गोठलीं. मालकास बिऱ्हाडकरू काढतां येईना व वाड्याची डागडुजी परवडेना. बिऱ्हाडकरूस दुसरी जागा मिळेना. नळ एक, जिना एक, बोलणें बंद. मग लिहिणें आलें. पुढें १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटून नदीकांठच्या पेठांतील अनेक वाडे गेले. वाडे गेले तरी पाटीची कीर्ति मात्र वाढतच राहिली.

ही कीर्ति वाढविली कोणीं? मुंबईकर, पुणेकर व नागपूरकर यांची जी तुलना पु. ल. देशपांडे यांनीं केली, तिनें पुणेकराचें चित्र घरोघर पोंचविलें. त्यांचा जन्म मुंबईचा आणि बालपण पार्ल्याचें. मराठी विनोदी लेखनाचे आद्य धुरीण श्रीपाद कृष्ण कोल्हटकर वऱ्हाडांत वकिली करीत. गडकरी नवसारीस जन्मले. चिमणरावाचे जनक चिं. वि. जोशी जन्मानें पुणेकर खरे, पण त्यांची नोकरी बडोद्यास झाली. ‘अस्सल पुणेकर’ हा शब्दहि जपूनच वापरावा. बाळाजी विश्वनाथ श्रीवर्धनचे, टिळक रत्नागिरीचे, आगरकर टेंभूचे. बाहेरून आलेल्यांनीं हें शहर मोठें केलें, यांत कमीपणा कसला? परंतु बाहेरच्यास पाटीनें दटावण्याचा हक्क मग कोणत्या सनदेवर सांगावयाचा?

याहून गंभीर आक्षेप निवडीचा आहे. पुण्यांत १८२७ सालीं जन्मलेल्या जोतीराव फुले यांनीं १८५५ मध्यें ‘तृतीय रत्न’ नाटक लिहिलें. त्यांत एक जोशी कुणबी नवराबायकोस कसा नागवितो हें दाखविलें असून मधून मधून विदूषक येऊन त्याचें बिंग फोडतो. तिरकसपणा पाहिजे तर येथें आहे, आणि तो दुबळ्यावर नव्हे, समर्थावर रोखलेला आहे. दक्षिणा प्राइझ कमिटीनें तें नाटक नाकारलें. तें हस्तलिखितांत पडून राहिलें व १९७९ सालीं प्रथम छापून निघालें. निबंधमालेंतून फुल्यांच्या लेखनाचा उपहास करणारे विष्णुशास्त्री चिपळूणकर हेहि जन्मानें पुणेकरच. पण पुणेरी उपरोधाचे पूर्वज म्हणून शास्त्रीबोवांचें नांव निघतें, फुल्यांचें क्वचित्. दोघेहि एकाच शहराचे. एकाची टवाळी परंपरा ठरते आणि दुसऱ्याची ‘कडवट टीका’, हें कोणत्या कसोटीनें? नदीच्या बाजूच्या पेठांचा विनोद तो पुण्याचा विनोद, आणि भवानी, गंज वा नाना पेठेंत लोक जणूं हंसलेच नाहींत!

ज्या संग्राहकांकडे सत्यशोधक जलशांच्या वह्या, तमाशांतील बतावणीचीं टिपणें किंवा जुन्या पाट्यांचीं तारीखवार छायाचित्रें असतील, त्यांनीं त्यांची यादी, ठिकाण व सालासह, प्रसिद्ध करावी. पाट्यांच्या बाबतींत घरमालकाचें नांव नसलें तरी चालेल. त्या वेळीं घरांत बिऱ्हाडें किती होतीं, तेवढें मात्र अवश्य नोंदवावें.