‘अँटीव्हायरस बंद करा’ म्हणणाऱ्या सूचनांबद्दल

डेटा ॲनालिसिसची छोटी सॉफ्टवेअर्स घेताना सोबतच्या सूचनांमध्ये एक ओळ बऱ्याचदा सापडते: अँटीव्हायरसने अडवलं तर फॉल्स पॉझिटिव्ह समजा, तो बंद करा आणि पुढे जा. लॅबमधले सीनियरही हेच सांगतात. माझा आक्षेप ‘समजा’ या शब्दाला आहे. इतर वेळी पी-व्हॅल्यूवरून भांडणारे आपण इथे पुरावा न मागता निष्कर्ष मान्य करतो. आणि त्याच कॉम्प्युटरवर कुणाची तरी तीन वर्षांची रीडिंग्ज असतात.

फॉल्स पॉझिटिव्ह होतात, यात वाद नाही. एप्रिल २०१० मध्ये मॅकॅफीच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीची स्वतःची सिस्टिम फाइलच व्हायरस ठरवली आणि मशीन्स पुन्हापुन्हा रीस्टार्ट होत बसली. आपल्या कामातलं उदाहरण म्हणजे पायथन कोडपासून पायइन्स्टॉलरने बनवलेली ईएक्सई फाइल. अशा फाइल्समध्ये एकच तयार बूटलोडर असतो. मालवेअरवालेही तोच वापरतात, त्यामुळे तुमचा साधा आलेख काढणारा प्रोग्रॅमही पकडला जातो.

पण ‘अधिकृत साइटवरून घेतलंय’ हे उत्तर पुरत नाही. २०१७ मध्ये सीक्लीनर ५.३३ कंपनीच्या साइटवरूनच, वैध डिजिटल सहीसकट, मालवेअर घेऊन बाहेर पडलं होतं. साइटवर दिलेला हॅश जुळला तरी डाउनलोड वाटेत बदललं नाही, एवढंच कळतं. मुळातच घाण असेल तर हॅशही त्या घाणीचाच!

मग आधी फाइल चालवू नका, इशाऱ्यातलं नाव वाचा. डिफेंडरच्या नावाशेवटी ‘!एमएल’ असेल तर तो मशीन लर्निंगचा अंदाज आहे. ठरावीक मालवेअरचं नाव असेल तर प्रकरण जास्त गंभीर. नंतर फाइलचा एसएचए-२५६ हॅश व्हायरसटोटलवर शोधा. फाइल अपलोड करू नका, कारण ती इतर सुरक्षा कंपन्यांपर्यंत जाते, आणि तिच्यात तुमचा अप्रकाशित डेटा असू शकतो. तिथल्या लाल खुणा मात्र मतांसारख्या मोजू नका. काही कंपन्या दुसऱ्याचंच इंजिन वापरतात, म्हणजे ही निरीक्षणं स्वतंत्र नाहीत. (सांख्यिकीच्या तासाला हे आपल्याला पाठ होतं.)

शंका उरलीच तर फाइल अँटीव्हायरस कंपनीकडे तपासायला पाठवा. मायक्रोसॉफ्टचं त्यासाठी वेगळं पान आहे. तोवर सोर्स कोड मिळत असेल तर तो वाचून व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवा. सूट द्यायचीच झाली तर त्या एका फाइलला द्या, अख्ख्या डाउनलोड्स फोल्डरला नको. व्हर्जन, हॅश आणि इशाऱ्याचं नाव लॅब नोटबुकात तारखेसह लिहा. पुढच्या अपडेटनंतर तोच इशारा आला तर तुलना करता येते.