सोडलेल्या विद्या : विझर्डच्या उपशाखांचा तौलनिक विचार

सर्वांत बलवान विझर्ड कोणता, हा प्रश्न ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळणाऱ्यांच्या बैठकीत हमखास निघतो आणि त्याचे उत्तर बहुधा आकड्यांत दिले जाते. कोणाच्या मंत्राने किती इजा होते, कोण किती घाव सोसतो, याची बेरीज मांडली जाते. ही मोजपट्टी मला अपुरी वाटते. विझर्डच्या एका उपशाखेची दुसरीशी तुलना करायची तर दोन गोष्टी विचाराव्यात : ती उपशाखा पत्करताना खेळाडूने काय सोडले, आणि तिची विद्या फळायला तिला दुसऱ्या कोणाच्या भरवशावर राहावे लागते. या दोन प्रश्नांनी पाहिले की गेल्या पन्नास वर्षांतला या खेळाचा एक वेगळाच इतिहास दिसू लागतो.

खेळ ठाऊक नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी रचलेला हा खेळ १९७४ साली अमेरिकेतल्या लेक जिनीव्हा या गावातून प्रसिद्ध झाला. चार-पाच खेळाडू एकेका पात्राची भूमिका घेतात, एक जण सूत्रधार होऊन बाकीचे जग चालवतो, आणि निकालाची शंका असेल तिथे फासा टाकतात. विझर्ड म्हणजे पोथीतून जादू शिकणारे पात्र. मी या नियमपुस्तकांकडे वाङ्मय म्हणून पाहतो. विद्यापीठाशी माझा संबंध नाही आणि ही पुस्तके मी शब्दकोश मांडीवर घेऊनच वाचली. पण नियमाची भाषा सावकाश वाचावी लागते, त्यामुळे त्याचा तोटा झाला नाही.

मुळातली जादूच त्यागावर उभी होती. जॅक व्हान्स यांच्या १९५० च्या ‘द डाइंग अर्थ’ या पुस्तकावरून कल्पना घेतली होती : मंत्र एकदा म्हटला की तो डोक्यातून पुसला जातो आणि पुन्हा पाठ करावा लागतो. आपल्याकडे परशुरामाच्या शापाने ऐन वेळी विद्या विसरला तो एकटा कर्ण. इथे प्रत्येक जादूगार रोजच कर्ण होतो. पहिल्या पुस्तकात मात्र जादूगार एकाच प्रकारचा होता. वेगळी वाट पहिल्यांदा दिसते ती १९७५ साली, प्रकाशकांच्याच ‘द स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू’ या पत्रिकेत पीटर अ‍ॅरनसन यांनी मांडलेल्या इल्युजनिस्टमध्ये, म्हणजे मायावी जादूगारामध्ये. १९७८ च्या ‘प्लेयर्स हँडबुक’मध्ये तो रीतसर उपवर्ग म्हणून आला, स्वतःची स्वतंत्र मंत्रसूची घेऊन. त्या सूचीत फायरबॉल नव्हता. ज्या आगीच्या गोळ्यासाठी लोक जादूगार होत, तोच याच्या वाट्याला नाही.

१९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीने ही कल्पना आठही विद्यांना लावली. एका विद्येत प्रावीण्य घेणाऱ्याला प्रत्येक पायरीवर एक मंत्र जास्त मिळे. बदल्यात तिच्या विरुद्ध बाजूच्या विद्या कायमच्या बंद. इल्युजनिस्टला तीन विद्या सोडाव्या लागत, डिव्हायनरला, म्हणजे भविष्य जाणणाऱ्याला, एकच. हा हिशेब समतोल नव्हता, आणि मला तो त्यामुळेच आवडतो. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत कोणत्या विद्या सोडायच्या याची बरीच मोकळीक आली, तरी सोडणे राहिले. २००८ च्या चौथ्या आवृत्तीबद्दल इथे लिहिण्यासारखे फार नाही. तिथे विझर्डची ओळख विद्येऐवजी हातातल्या गोलकावर किंवा काठीवर आली.

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीत आठही विद्या परत आल्या, पण सोडणे संपले. आठांपैकी कोणतीही उपशाखा घ्या, सगळे मंत्र सर्वांना खुले. डिव्हायनरचा फायरबॉल आणि इव्होकरचा, म्हणजे विनाशविद्येच्या विझर्डचा, फायरबॉल दहाव्या पातळीपर्यंत इजेच्या बाबतीत तंतोतंत सारखा : सहा बाजूंचे आठ फासे, सरासरी २८. मग इव्होकरचे वेगळेपण कशात? तो आपल्या माणसांना वाचवू शकतो. मंत्राच्या पायरीत एक मिळवून येईल तितक्या जणांना आग शिवत नाही; तिसऱ्या पायरीच्या फायरबॉलला चार जण. म्हणजे सर्वांत आक्रमक समजल्या जाणाऱ्या या उपशाखेचे सारे कसब सोबत्यांना सांभाळण्यात आहे. आकड्यांच्या बेरजेत ही गोष्ट येत नाही.

डिव्हायनरची करामत त्याहून खोल आहे. सकाळी तो वीस बाजूंचे दोन फासे टाकतो आणि आलेले आकडे जपून ठेवतो. दिवसभरात समोरच्या कोणाचाही फासा पडण्याआधी तो म्हणू शकतो, ‘फासा टाकू नका, हा आकडा घ्या.’ समजा, शत्रूला मंत्र चुकवायला १५ हवेत आणि त्याला ४ ची भर मिळते. फाशावर ११ पडले तर सुटला. म्हणजे निम्मा संभव. डिव्हायनरकडे सकाळचा ३ असेल तर शत्रूची बेरीज ७, विषय संपला. इतर पात्रांना जो ३ दुर्दैव वाटतो, तो याला ठेव वाटतो. शुद्ध सामर्थ्यात मी डिव्हायनरलाच पहिला मानतो. पण त्याला कोणावर विसंबावे लागत नाही. त्याने आकडा पुढे केला की सूत्रधारही काही बोलू शकत नाही.

इल्युजनिस्टचे नेमके उलट आहे. पहिल्या पायरीच्या एका मंत्राने तो १५ फुटांच्या घनात मावेल असे निःशब्द दृश्य उभे करतो. बोळात भिंत उभी केली. हात लावला तर भास उघडा पडतो. एखाद्याने आपली पाळी खर्चून नीट निरखले आणि फासा साथीला आला तरी पडतो. पण मागून धावत येणारे हात लावतील का? निरखायला थांबतील का? हे नियमपुस्तक सांगत नाही. सूत्रधाराला त्या पाठलाग करणाऱ्यांच्या डोक्यात शिरून ठरवावे लागते, आणि तो प्रामाणिकपणे ठरवेल यावर खेळाडूला विश्वास ठेवावा लागतो. सहाव्या पातळीला तर उभे केलेले दृश्य चालू असतानाच बदलता येत असे. भिंतीचा उंबरठा, उंबरठ्याचा पहारेकरी. कद्रू सूत्रधारासमोर ही उपशाखा आठांत सर्वांत दुबळी, उमद्या सूत्रधारासमोर सर्वांत समृद्ध. कोणत्याही तक्त्यात तिला एक जागा देता येत नाही, कारण ती समोरच्या माणसागणिक बदलते.

म्हणूनच २०२४ चे सुधारित ‘प्लेयर्स हँडबुक’ मला अस्वस्थ करते. त्यात आठांपैकी चारच उपशाखा उरल्या : अ‍ॅब्जुरर म्हणजे रक्षणविद्येचा विझर्ड, डिव्हायनर, इव्होकर आणि इल्युजनिस्ट. एन्चान्टर गळला याचे मला दुःख नाही. दुसऱ्याला भुलवून वर त्याची आठवणही पुसण्याची त्याची चौदाव्या पातळीची शक्ती वाचताना मला कायम कसेसेच होई. नेक्रोमॅन्सरच्या सांगाड्यांची फौज एकेक करून लढवताना बाकीचे खेळाडू चहा करून येत. इव्होकरची सोबत्यांना वाचवण्याची शक्ती दुसऱ्या पातळीवरून सहाव्यावर गेली, आणि फायरबॉल मिळतो पाचव्या पातळीला. मधली एक पातळी सोबत्यांनी जपूनच राहावे!

खरा तोटा इल्युजनिस्टचा. नाव राहिले, पण दृश्य बदलण्याची सहाव्या पातळीची शक्ती गेली. तिच्या जागी आले ते मायेचे प्राणी : जनावर किंवा वनदेवता बोलावण्याचे मंत्र, त्यांची मायावी रूपे, ठरलेला हल्ला, ठरलेले प्राणबळ. हे प्राणी उपयोगी आहेत, पहिल्या तीन पायऱ्यांत सुस्त वाटणाऱ्या खेळाडूला ते आवडतीलही. पण लांडगा चावला की चावला. त्याला समोरच्याच्या विश्वासाची गरज नाही. सूत्रधार आणि खेळाडू यांच्यात वाद होऊ नये म्हणून हा बदल केला असावा असे मला दिसते. वाद टळतो हे खरे, पण त्याबरोबर त्या दोघांमधले बोलणेही टळते, आणि इल्युजनिस्टची सारी विद्या त्या बोलण्यातच होती.

आमच्या रविवारच्या बैठकीत आम्ही नवे पुस्तक वापरतो, मात्र सहाव्या पातळीवर इल्युजनिस्टला जुनी शक्ती आणि नवे प्राणी यांतले एक निवडू देतो. आतापर्यंत दोघांवर ही वेळ आली. पहिल्याने प्राणी घेतले. दुसरी अकरावीतली मुलगी. तिने दोन्ही नियम दोनदा वाचले, सूत्रधाराकडे थोडा वेळ पाहिले आणि जुनी शक्ती मागितली.