ढापलेलं, उधारीचं आणि आपलं

पीएच.डी.च्या मुलाखतीत ‘यात तुमचं नवीन काय?’ हा प्रश्न ठरलेला असतो. त्याचं उत्तरही बहुतेक जण पाठ करून गेलेले असतात : ‘या विषयावर अजून कोणीच काम केलेलं नाही.’ हे उत्तर धोक्याचं आहे. समितीतल्या कुणी एखादा जुना लेख समोर ठेवला की खेळ खलास. शिवाय त्यात एक समजूत दडलेली आहे, की आधी कुणी केलं नसेल तरच ते मौलिक. ही समजूत तपासायला मला शोधनिबंधांपेक्षा मारधाडीचे आणि विज्ञानकथांचे सिनेमे जास्त सोयीचे वाटतात. तिथली उधारी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असते.

आधी एक गाजलेली केस. १९६१ साली अकिरा कुरोसावाचा ‘योजिम्बो’ आला. एक बेवारस सामुराई एका गावात येतो, तिथे दोन टोळ्यांचं वैर चाललेलं असतं, हा दोघांकडून पैसे घेऊन दोघांना एकमेकांवर सोडतो. १९६४ मध्ये सर्जिओ लिओनेचा ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’ आला. त्यात सामुराईच्या जागी क्लिंट ईस्टवूड आहे, तलवारीच्या जागी पिस्तूल आहे, आणि जपानी गावाच्या जागी मेक्सिकोच्या सीमेवरचं गाव. कुरोसावाचं नाव कुठेच नाही. प्रकरण वकिलांकडे गेलं आणि शेवटी तडजोड झाली. जगभरातल्या उत्पन्नाचा १५ टक्के हिस्सा जपानी बाजूला मिळाला. अमेरिकेत सिनेमा लागायला १९६७ उजाडलं.

लिओनेच्या बाजूने जो बचाव झाला तो आपल्या कामाचा आहे. दोन धन्यांना खेळवणारा नोकर ही कल्पना कुरोसावाची नाहीच, ती अठराव्या शतकातल्या गोल्डोनीच्या इटालियन नाटकात आहे; आणि दोन टोळ्यांना झुंजवणारा माणूस डॅशिएल हॅमेटच्या ‘रेड हार्वेस्ट’ (१९२९) या कादंबरीत आहे. म्हणजे ‘मी त्याच्याकडून घेतलं नाही, त्याने जिथून घेतलं तिथूनच मीही घेतलं.’ ऐकायला बिनतोड वाटतं. पण आता तपशील बघा. ‘योजिम्बो’त नायक मारामारी झाल्यावर शवपेट्या बनवणाऱ्याला दोन पेट्या करायला सांगतो आणि जाता जाता म्हणतो, कदाचित तीन लागतील. लिओनेचा नायक आधी तीन सांगतो, मग परतताना हिशेब दुरुस्त करून चार म्हणतो. एका टोळीने अडकवून ठेवलेली बाई, तिचा नवरा आणि लहान मूल, त्यांना सोडवल्यामुळे नायकाला बसलेला बेदम मार, मग शवपेटीतून पलायन, हे सगळं दोन्हीकडे त्याच क्रमाने येतं. गोल्डोनीत हे नाही आणि हॅमेटमध्येही नाही. हस्तलिखितांचा अभ्यास करणारे हेच तंत्र वापरतात : दोन पोथ्यांत एकच विचित्र चूक त्याच ठिकाणी सापडली, तर एक दुसरीवरून उतरवलेली असण्याची शक्यता वाढते. सामान्य साम्यावरून काही सिद्ध होत नाही. अनावश्यक, चुकूनही सुचणार नाही असं साम्य मात्र बोलतं.

मग ‘फिस्टफुल’ टाकाऊ का? अजिबात नाही, आणि इथेच आपली गल्लत होते. तो चोरीचा सिनेमा आहे आणि नवा सिनेमाही आहे. कुरोसावाच्या गोष्टीचा काळ १८६० च्या आसपासचा. सामुराईंची सद्दी संपत आलेली आहे, आणि खलनायकाच्या हातातलं पिस्तूल म्हणजे दारात येऊन ठेपलेला नवा जमाना. तलवारवाल्यासमोर पिस्तूलवाला उभा राहतो तेव्हा तिथे इतिहासाचा एक पूर्ण तुकडा उभा असतो. लिओनेने तिथे पिस्तूल विरुद्ध रायफल केलं आणि तो अर्थ गळून पडला. पण त्याने दुसरं काही आणलं. चेहऱ्यांचे पडदाभर क्लोजअप, गोळी सुटण्याआधीची ताणत नेलेली शांतता, मॉरिकोनेचं शिट्टी आणि चाबकाचं संगीत, आणि कुठल्याही नीतीचा आव न आणणारा नायक. त्यानंतर वेस्टर्न पूर्वीसारखा राहिला नाही. ‘कुणाचं घेतलं’ आणि ‘घेऊन काय केलं’ हे दोन प्रश्न वेगळे आहेत. एकाच्या उत्तराने दुसऱ्याचं उत्तर मिळत नाही.

आता कल्पना करा की हे दोन सिनेमे म्हणजे दोन प्रबंध आहेत आणि ते साम्य शोधणाऱ्या सॉफ्टवेअरमधून गेले. ‘फिस्टफुल’ अगदी स्वच्छ बाहेर येईल. भाषा वेगळी, पात्रांची नावं वेगळी, एक वाक्य जुळत नाही. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही आणि ६० टक्क्यांच्या वर गेलं तर नोंदणी रद्द होऊ शकते. हे आकडे सगळ्यांना तोंडपाठ असतात. त्यामुळे ‘परसेंटेज खाली आणणे’ हा एक स्वतंत्र उद्योगच झाला आहे : वाक्य उलटंपालटं करा, प्रतिशब्द घाला, कर्तरीचं कर्मणी करा. म्हणजे तलवार काढा, पिस्तूल घाला. दुसऱ्याच्या युक्तिवादाचा क्रम, त्याची उदाहरणं, त्याने काढलेले संदर्भ जसेच्या तसे, आणि अहवालात ४ टक्के! सॉफ्टवेअर शब्द मोजतं, पण शवपेट्यांचा विनोद त्याला कळत नाही.

याच्या उलट टोकाला १९९६ चा ‘लास्ट मॅन स्टँडिंग’ आहे. दिग्दर्शक वॉल्टर हिल, नायक ब्रूस विलिस, गाव टेक्सासमधलं, काळ दारूबंदीचा. कुरोसावा आणि त्याचा सहलेखक किकुशिमा यांना कथेचं श्रेय रीतसर दिलेलं आहे. प्रामाणिकपणात शंभरपैकी शंभर. पण सिनेमा बघितल्यावर मला तरी हे कळलं नाही की तो केला कशासाठी. दोन्ही हातांत पिस्तुलं आणि भरपूर धूळ, एवढीच भर. आपल्याकडे असे प्रबंध पुष्कळ असतात. ‘अमुक सिद्धांताच्या आधारे तमुक तालुक्याचा अभ्यास’, संदर्भ चोख, आणि शेवटी सिद्धांत जसा आला तसाच परत जातो. तालुक्याने त्याला एकही ओरखडा काढलेला नसतो. वाङ्मयचौर्य नाही म्हणून ते मौलिक होत नाही.

मधल्या जागेतलं एक उदाहरण थोडक्यात. ‘द टर्मिनेटर’ (१९८४) आल्यावर हार्लन एलिसन या लेखकाने दावा केला की १९६४ मध्ये ‘द आउटर लिमिट्स’ या मालिकेसाठी लिहिलेल्या ‘सोल्जर’ या भागातून हे घेतलं आहे. भविष्यातल्या युद्धातला सैनिक आजच्या शहरात येऊन पडतो, इतकं दोन्हीकडे आहे. पैसे देऊन प्रकरण मिटलं आणि श्रेयनामावलीत एलिसनचं नाव आलं. दिग्दर्शक जेम्स कॅमेरॉनला ते पटलं नाही. माझं मत विचाराल तर हे तळटीपेपुरतं देणं होतं. अजून न जन्मलेल्या मुलासाठी त्याच्या आईच्या मागे लागलेलं यंत्र, हा ‘टर्मिनेटर’चा गाभा ‘सोल्जर’मध्ये नाही. पण तळटीपेचंही देणं असतंच. कायदा इथे फारशी मदत करत नाही. नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो, असं आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १९७८ मध्ये आर. जी. आनंद खटल्यात सांगितलं आहे. संशोधनाची रीत कायद्यापेक्षा कडक आहे, तिथे कल्पनेचंही ऋण सांगावं लागतं.

आणि आता माझा आवडता नमुना. ख्रिस मार्करचा ‘ला जेते’ (१९६२) हा २८ मिनिटांचा फ्रेंच सिनेमा जवळपास पूर्ण स्थिरचित्रांचा आहे. महायुद्धानंतर तळघरात राहणारे लोक एका माणसाला भूतकाळात पाठवतात. लहानपणी विमानतळावर पाहिलेलं एक दृश्य त्याच्या मनात रुतून बसलेलं असतं. १९९५ मध्ये टेरी गिलियमने यावरून ‘ट्वेल्व्ह मंकीज’ केला आणि सुरुवातीच्या अक्षरांतच ते सांगून टाकलं. (नायक परत ब्रूस विलिस. सलग दोन वर्षं दुसऱ्याच्या गोष्टीत, आणि निकाल इतका वेगळा!) मूळ गोष्टीत नायक भविष्यातून आला आहे याबद्दल कुणालाच शंका नाही. इथे त्याला वेड्यांच्या इस्पितळात टाकतात. हळूहळू त्यालाच वाटू लागतं की आपल्याला भ्रम होतोय, आणि नेमकी त्याच वेळी त्याची डॉक्टर त्याच्यावर विश्वास ठेवू लागते. स्वतःची आठवण हा पुरावा धरायचा का, हा प्रश्न मार्करने विचारलेला नव्हता. घेतलेल्या सांगाड्याकडून गिलियमने नवं काम करून घेतलं.

यात एक आणखी गंमत आहे. ‘ला जेते’त एका ठिकाणी नायक झाडाच्या कापलेल्या खोडाजवळ उभा राहतो आणि वर्तुळांच्या बाहेर, हवेत बोट दाखवतो : मी तिथून आलो. हे दृश्य हिचकॉकच्या ‘व्हर्टिगो’ला (१९५८) दिलेली दाद आहे. गिलियमने मार्करचं ते दृश्य पुन्हा चित्रित केलं नाही. त्याने आपल्या पळून चाललेल्या जोडीला एका थिएटरात बसवलं, आणि तिथल्या पडद्यावर खुद्द ‘व्हर्टिगो’ लावला, तेच खोडाचं दृश्य. म्हणजे ज्याच्याकडून घेतलं त्याचं नाव तर दिलंच, वर त्याने ज्याच्याकडून घेतलं होतं ते पुस्तक स्वतः उघडून बघितलं. आपण मात्र दुसऱ्याच्या संदर्भसूचीतून फूको उचलतो आणि मूळ पान न उघडताच पृष्ठक्रमांकासकट देऊन मोकळे होतो.

तिन्ही सिनेमे बघणार असाल तर ‘ट्वेल्व्ह मंकीज’पासून सुरू करा आणि मागे जात ‘व्हर्टिगो’पर्यंत पोहोचा. साहित्याचा आढावाही सहसा त्याच दिशेने होतो, नव्याकडून जुन्याकडे. लिहिताना मग तो उलटा मांडावा लागतो.