‘पाच मैल’ : वैमानिक-नियंत्रक संभाषणातील अर्थबोधाची चिकित्सा

प्रस्तावना

एका वाक्यातून अनेक अर्थ ध्वनित होणे हा वाङ्मयात गुण मानला जातो. ध्वनिसिद्धान्तापासून आधुनिक काव्यचर्चेपर्यंत ही धारणा कायम आहे. परंतु व्यवहारात अशीही एक भाषा आहे की जिच्यात दुसरा अर्थ निघणे म्हणजे माणसांचे प्राण जाणे. वैमानिक व हवाई वाहतूक नियंत्रक यांच्यात रेडिओवरून होणारे संभाषण ही ती भाषा होय. तेथे केवळ अभिधेला प्रवेश आहे. लक्षणा व व्यंजना यांना मज्जाव आहे. असे असूनही या भाषेतील वाक्यांचे विपरीत अर्थ घेतले गेले आणि त्यातून मोठे अपघात घडले. अशा अपघातांची कारणमीमांसा ‘मानवी चूक’ या दोन शब्दांत संपविण्याचा प्रघात आहे. ही चूक नेमकी कोठे असते, बोलणाऱ्याच्या वाक्यात, ऐकणाऱ्याच्या आकलनात की त्या दोहोंमधील व्यवहाराच्या रचनेत, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

एका वाक्याची चिकित्सा

24 जानेवारी 1966 रोजी मुंबईहून दिल्ली व बैरूतमार्गे जिनिव्हाकडे निघालेले एअर इंडियाचे ‘कांचनजंगा’ हे बोइंग 707 विमान आल्प्समधील माँ ब्लाँ शिखराजवळ कोसळले. विमानातील सर्व 117 जण मृत्युमुखी पडले. व्हिएन्नाला निघालेले डॉ. होमी भाभा त्यांत होते. भाभांच्या निधनामुळे या अपघाताभोवती घातपाताच्या तर्ककुतर्कांचे जाळे विणले गेले. फ्रेंच चौकशी आयोगाने दिलेले कारण मात्र वेगळेच, आणि भाषेच्या अभ्यासकाला अस्वस्थ करणारे आहे.

विमानातील एक दिशादर्शक यंत्रणा नादुरुस्त होती व वैमानिकाला बैरूत सोडतानाच त्याची कल्पना होती. आपल्या स्थानाविषयी त्याचा अंदाज चुकला. आपण माँ ब्लाँच्या बगलेतून पुढे जात आहोत असे वाटते, या आशयाचा संदेश त्याने जिनिव्हाच्या रडार नियंत्रकाला दिला. नियंत्रकाला रडारवर खरी स्थिती दिसत होती. त्याने चूक ओळखली आणि ती दुरुस्त करण्याच्या हेतूने सांगितले : ‘यू हॅव फाइव्ह माइल्स टू द माँ ब्लाँ.’ वैमानिकाने ‘रॉजर’ म्हटले आणि खाली उतरणे चालू ठेवले. शिखर ओलांडून गेल्याची त्याची समजूत तशीच राहिली.

नियंत्रकाच्या वाक्यात असत्य काहीही नाही. व्याकरणाचा दोषही नाही. तरीही ते वाक्य अपुरे आहे. मराठीत मांडून पाहिले म्हणजे त्यातील फट स्पष्ट होते. ‘माँ ब्लाँपर्यंत अजून पाच मैल आहेत’ असे म्हटल्यास शिखर पुढे आहे हे कळते. ‘माँ ब्लाँपासून पाच मैल आहात’ असे म्हटल्यास ते पुढे आहे, मागे आहे की बाजूला, हे ज्याचे त्याने ठरवायचे. इंग्रजी वाक्यात अंतर आले, परंतु ‘अजून’ हा शब्द आला नाही. आणि तुमचा अंदाज चुकला आहे, हे तर कोठेच आले नाही. शिखर बगलेला आहे असे मानून बसलेल्या माणसाला हे पाच मैल बाजूचे अंतर वाटणे अशक्य नव्हते. नियंत्रकाच्या मनात ते वाक्य ‘दुरुस्ती’ होते. वैमानिकाच्या कानी ते ‘दुजोरा’ म्हणून पडले असावे.

भारतीय शाब्दबोधविचारात वाक्यार्थासाठी आकांक्षा, योग्यता व संनिधी यांची अपेक्षा सांगितली आहे आणि त्यांच्या जोडीला तात्पर्य, म्हणजे वक्त्याचा अभिप्राय, मानला आहे. माँ ब्लाँच्या वाक्यात पहिल्या तीनही गोष्टी आहेत. हरवले आहे ते तात्पर्य. चौकशी आयोगाने पुरेशा नेमक्या शब्दयोजनेचा अभाव असा जो निष्कर्ष काढला, त्याचे महत्त्व येथे आहे. वैमानिकाचा अंदाज चुकल्याचे आयोगाने नोंदविलेच. पण केवळ मृत वैमानिकाच्या माथी दोष मारून तो थांबला नाही. त्याने वाक्यालाही साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे केले.

अर्थ कोण पूर्ण करतो?

आपण डोंगर मागे टाकला आहे, ही समजूत किती बळकट असू शकते याचे उदाहरण महाराष्ट्रातही आहे. जुलै 1962 मध्ये बँकॉकहून मुंबईकडे येणारे अलितालियाचे डीसी-8 विमान रात्रीच्या वेळी जुन्नरजवळील डोंगरात आदळले व 94 जण मरण पावले. आपण मुंबईच्या प्रत्यक्षाहून अधिक जवळ आलो आहोत, अशा समजुतीने विमान वेळेपूर्वी खाली आणले गेले होते. हा मुख्यतः मार्गनिर्धारणाचा प्रमाद होता. त्याला संभाषणदोष म्हणता येणार नाही. परंतु मनात ठाम बसलेली चुकीची समजूत काय करते हे त्यातून दिसते. अशी समजूत असलेल्या श्रोत्याला अपुरे वाक्य मिळाले म्हणजे तो ते आपल्या समजुतीनेच पूर्ण करतो.

27 मार्च 1977 रोजी तेनेरिफ येथे दाट धुक्यात दोन बोइंग 747 विमाने धावपट्टीवर एकमेकांवर आदळली व 583 जणांचा मृत्यू झाला. डच विमानातून ‘वुई आर नाऊ ॲट टेक-ऑफ’ असा संदेश गेला. नियंत्रकाने त्याचा अर्थ ‘उड्डाणाच्या जागी उभे आहोत’ असा घेतला. प्रत्यक्षात विमान धावू लागले होते. नियंत्रकाने प्रथम ‘ओके’ म्हटले व नंतर थांबण्यास सांगितले. त्याच क्षणी दुसऱ्या विमानाने संदेश दिल्यामुळे ध्वनिलहरी एकमेकींत मिसळल्या आणि डच वैमानिकांना ‘ओके’ तेवढे स्पष्ट ऐकू आले. यानंतर ‘टेक-ऑफ’ हा शब्द उड्डाणाची प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरावा, असा दंडक घालण्यात आला. एका शब्दाचा अर्थ असा कायद्याने बांधून टाकल्याची उदाहरणे भाषाव्यवहारात थोडीच असतील.

येथे ‘रॉजर’ या शब्दाचेही परीक्षण आवश्यक आहे. त्याचा विहित अर्थ ‘तुमचा संदेश पूर्ण ऐकला’ एवढाच आहे. ‘समजला’ किंवा ‘मान्य आहे’ असा तो नाही. म्हणूनच उंची, दिशा व परवानगी यांसंबंधीच्या सूचना वैमानिकाने जशाच्या तशा उच्चारून दाखवाव्यात आणि नियंत्रकाने तो पुनरुच्चार लक्षपूर्वक ऐकावा, असा नियम आहे. जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे धरून भाव करण्याची जुनी रीत काष्टी परिसराला अपरिचित नाही. तेथे मान डोलावून भाव ठरत नाही. बोटांच्या खुणेला बोटांच्या खुणेनेच उत्तर द्यावे लागते. पुनरुच्चाराचे तत्त्व याहून वेगळे नाही. माँ ब्लाँच्या वाक्यात मात्र सूचना नव्हती, केवळ माहिती होती. त्यामुळे पुनरुच्चाराची मागणी झाली नाही. पुनरुच्चार झाला असता तरी ‘पाच मैल’ हे शब्द परत आले असते, त्यांमागील समजूत नव्हे. या नियमाची मर्यादाही ध्यानात घेतली पाहिजे.

इंग्रजीचे ज्ञान हा उपाय किती?

12 नोव्हेंबर 1996 रोजी हरियाणातील चरखी दादरी येथे सौदी अरेबियाचे बोइंग 747 व कझाकस्तानचे इल्युशिन 76 ही विमाने हवेत एकमेकांवर आदळली. 349 जणांचा मृत्यू झाला. दिल्लीहून निघालेल्या सौदी विमानाला 14,000 फुटांवर, तर उतरणाऱ्या कझाक विमानाला 15,000 फुटांवर राहण्याची सूचना होती. कझाक विमान परवानगीच्या उंचीखाली आले. तेव्हाच्या दिल्लीच्या रडारवर विमानाची उंची दिसत नसे. नियंत्रकाला वैमानिकाच्या शब्दावरच विसंबावे लागे. न्यायमूर्ती रमेशचंद्र लाहोटी यांच्या चौकशीत कझाक वैमानिकांच्या इंग्रजीच्या अपुऱ्या ज्ञानाचाही उल्लेख आला. पुढे 2003 मध्ये आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने भाषाप्रावीण्याची सहा पातळ्यांची मोजपट्टी स्वीकारली व किमान चौथी पातळी बंधनकारक केली.

ही सुधारणा स्वागतार्ह असली तरी ती अर्ध्याच रोगावरचा उपाय आहे. माँ ब्लाँच्या प्रकरणी आयोगाने इंग्रजीच्या अज्ञानावर बोट ठेवलेले नाही. 25 जानेवारी 1990 रोजी न्यूयॉर्कजवळ कोसळलेल्या आव्हियान्का कंपनीच्या विमानातून इंधन संपत आल्याचे सांगितले गेले होते. पण आणीबाणी दर्शविणारा विहित शब्द उच्चारला गेला नाही. नियंत्रकांना निकड कळली नाही आणि 73 जण दगावले. तेथे वाक्य समजले होते. त्याचे वजन समजले नव्हते. उच्चार, व्याकरण, शब्दसंग्रह यांची परीक्षा घेता येते. परंतु समोरच्याची समजूत आपल्याहून वेगळी असू शकते, ही जाणीव प्रमाणपत्राने येत नाही. उलट, भाषेवर प्रभुत्व असलेला वक्ता आपले बोलणे स्वयंस्पष्ट मानण्याचा धोका अधिक.

निष्कर्ष

वरील उदाहरणांवरून तीन गोष्टी दिसतात. पहिली, वाक्य सत्य व व्याकरणशुद्ध असूनही घातक ठरू शकते. दुसरी, ठरावीक शब्दावली अनेकार्थता कमी करते. ती नाहीशी करीत नाही. तिसरी, दुरुस्ती करावयाची असेल तर ‘तुमचा अंदाज चुकला आहे’ हे प्रथम उघडपणे सांगितले पाहिजे. नुसती अचूक माहिती दिल्याने चूक दुरुस्त होत नाही. सौजन्य, घाई अथवा गृहीतक यांमुळे हे पहिले वाक्य गाळले जाते व उरलेले वाक्य ऐकणाऱ्याच्या समजुतीच्या स्वाधीन होते.

हा निष्कर्ष केवळ विमानांपुरता मर्यादित नाही. वर्गात ‘समजले का?’ या प्रश्नाला विद्यार्थी ‘हो’ म्हणतात, तेव्हा ते बहुधा ‘रॉजर’ असते : ऐकले, इतकेच. ते कसे समजले हे विद्यार्थ्याने स्वतःच्या शब्दांत मांडल्याखेरीज शिक्षकाला कळण्याचा मार्ग नाही. वर्गात ही चूक पुढच्या तासाला सुधारता येते. आल्प्सवर 24 जानेवारीच्या त्या सकाळी पुढचा तास नव्हता. केवळ पाच मैल होते.